गाऱ्हाण्याचा धोंडा

"आणि मग?" सिद्रानं मोबाइल आणखी पुढं सरकवला. रेकॉर्डिंग चालू होतं.

आनंदीबाईंनी गालातलं पान या बाजूचं त्या बाजूला केलं. आता मग काय? गोष्ट आत्ताच त्यांच्या डोक्यात जन्मली होती आणि बघता बघता पाय फुटून पळायला लागली होती.

"मग काय गं! नवी सून पैल्या अवसेला नदीवर जायाची. तिथं तो धोंडा हाय ना, त्याच्या कानात सासूचं समदं गाऱ्हानं सांगायची. घरात भांडान नाय, तंटा नाय. माज्या आजेसासूचं ऐकून तर बिचारा मधोमध तडकला. चीर हाय बघ अजून."

चीर होती, खोटं नाही. जेसीबीच्या दाताची होती. रस्त्याच्या कामात तो धोंडा मागच्याच साली वर आला होता.

सिद्रा हसली नाही. चौक गावच्या टायरवाल्या इद्रिसची ही मुलगी कर्जतच्या कॉलेजात शिकायची आणि गावोगाव फिरून स्वतःचं संशोधन करायची. गावात धाकलूसारखा नव्वदीचा म्हातारा असताना ती नेमकी आपल्याच दारात आली, याचा आनंदीबाईंना कोण तोरा! सून सोनालीनंच तिला फाट्यावरून घरी आणलं होतं.

"आजी, हे अजून कुणाला सांगितलंत?"

"कुनालाच नाय. तुलाच पैल्यांदा."

"मग सांगा की बायकांना. विसरायला नको."

सांगायला काय जातंय? आनंदीबाईंनी पाण्यावर पारूला सांगितलं. पारूनं आणखी कुणाला.

पंधरवडा गेला आणि सिद्रा परत आली. तर पारू तिला छातीठोक सांगते, "माजी आई जायाची ना तितं! मी पदर धरून संगं असायची." धाकलू म्हाताऱ्यानं तर त्यावर कडी केली. "माजी पैली बायको इतकी रडली, का धोंड्याला शेवाळ धरलं."

पोपटच्या नव्या सुनेनं धोंड्याला हळद लावली. एके दिवशी सोनालीपण नारळ घेऊन गेली. चांगली दुपारभर बसली आणि फुलासारखी हलकी होऊन परतली. त्या रात्री कालवणात मीठ बरोबर पडलं. आपल्याबद्दल तिनं धोंड्याला काय काय सांगितलं असेल, हेच आनंदीबाई जेवताना मोजत राहिल्या.

"तुजी कालेजातली मॅडम काय म्हनते गं?" त्यांनी सिद्राला हळूच विचारलं.

"अक्षदा मॅडम? फार कडक आहेत, आजी. म्हणतात घाई करू नको, परत जा, परत विचार. माझ्या पदरचा एक शब्द निघाला तरी प्रोजेक्ट रद्द. पुण्याला पुढं शिकायचं ते यावरच ठरणार आहे."

थापा आनंदीबाईंनी जन्मभर मारल्या. माथेरानच्या वाघाला ताक पाजलं, नदीतल्या मगरीवर बसून माहेरी गेल्या. पण त्यात कुणाच्या लेकीचं वाटोळं झालं नव्हतं. इथं ही पोर बापाच्या टेंपोतून हेलपाटे घालतेय आणि आपण तिला जेसीबीचा धोंडा देव म्हणून दिला.

"आज सांगते" म्हणत तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा चहा पुढं केला.

शेवटी मॅडमच आल्या. स्कूटर लावली आणि तडक नदीवर. बायका जमल्याच होत्या. नवल म्हणजे मॅडमनी धोंड्याकडं धड बघितलंही नाही. एकेकीला फक्त विचारायच्या, "तुम्हाला हे कुणाकडून कळलं?"

हिनं तिच्याकडं बोट केलं, तिनं पारूकडं. पारूनं हात उचलला तशा आनंदीबाई घामाघूम झाल्या. आता आपलीच पाळी.

"थांब गं पारू!" त्या पुढं झाल्या. "मॅडम, ह्यो धोंडा जेसीबीनं काढलाय. गोष्ट माजी, समदी खोटी. पोरीला काय ठावं नाय. मला काय बोलायचं ते बोला, पन तिचं शिक्षान नका मोडू."

मॅडमनी सिद्राकडं बघितलं. "आता तू बोल. तुला सांगितलं होतं ना, हे तुलाच बोलावं लागेल?"

सिद्राचे डोळे भरले. तिनं वाकून आनंदीबाईंचे हात धरले.

"आजी, माफी मी मागायला पाहिजे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. थापेची रीत कशी होते, हाच माझा विषय आहे. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता सगळं पुसून टाकते."

आनंदीबाईंनी एक हात सोडवून तिची हनुवटी वर केली.

"मंग एवढ्या गावात... माज्याच दारात कशी आलीस गं?"

सिद्रानं मान खाली घातली.

"मी फाट्यावर विचारलं, इथं सगळ्यात मोठ्या थापा कोण मारतं? तर सोनालीताई म्हणाल्या, चल आमच्याच घरी."