प्रतिध्वनीची जागा

इटलीतल्या मान्तुआच्या राजवाड्यात बोलल्यासारखं गायचं ते नवं नाटक दुपारपासून तालमीत होतं. विरही मेंढपाळ झालेल्या फुल्वियोने ओळ गायची आणि रंगवलेल्या रानाच्या पडद्यामागून झानोबीने तिचा शेवटचा शब्द प्रतिध्वनी म्हणून परत द्यायचा. तालाचं बंधन नव्हतं. म्हातारा बाच्चो गाणाऱ्याच्या श्वासाकडे बघून ल्यूटच्या तारा छेडायचा.

आज प्रतिध्वनी असा आला, की फुल्वियोच्या अंगावर काटा आला.

“शाब्बास रे झानोबी! एवढा गळा लपवून ठेवला होतास होय?”

“मी?” झानोबी धापा टाकत समोरच्या दारातून आत आला. “आत्ता कुठे येतोय मी. खेचराने वाटेतच बसकण मारली.”

फुल्वियोने पडदा उचलला. मागे नुसती भिंत होती.

“उद्या ड्यूकसमोर प्रयोग आहे, चला पुढे,” बाच्चो म्हणाला. पण त्याने खुर्ची पडद्याकडे वळवली होती.

“अहो बाच्चो, गाणारा मी इकडे आहे!”

बाच्चोने मान वळवली नाही. पडद्यामागे कुणीतरी श्वास घेतला. बाच्चोने तार छेडली, आणि फुल्वियोची पुढची ओळ फुल्वियोच्याच आवाजात तिकडून आली.

फुल्वियोने ओठ घट्ट मिटले, त्यांवर हात दाबला.

तरी त्या ओळीचा शेवटचा शब्द त्याच्या गळ्यातून परत गेलाच.