कपाटावरचा डबा

"डबा खाली काढ," पत्रेवाले दारातूनच म्हणाले.

बायकोच्या हातातला पेला सुटला. स्टीलचा होता म्हणून वाचला.

"कुठला डबा?"

"कुठला म्हणजे? कपाटावर काय दहा डबे आहेत? दुकानातल्या यंत्राचा दांडा तुटला. पत्रा वाकतच नाही. मिस्त्री म्हणतो, रोख द्या, आजच्या आज नवा बसवून देतो. उद्यापासून तो दुसऱ्या कामावर चाललाय. आणि बेकरीचे ट्रे परवा द्यायचेत. नाही दिले तर ते काम समोरचा घेऊन जाईल, त्याच्यामागे बाकीची कामंही."

"कुणाकडे उसने मागून बघायचे का?"

"उसने कशाला? अशाच वेळेसाठी ठेवलाय ना तो?"

तिने पडलेला पेला उचलून उगाचच पुन्हा विसळला.

डबा पत्रेवाल्यांनी लग्नानंतर लगेच स्वतःच्या हाताने घडवला होता. वर नोट जाईल एवढी फट, बाकी सगळीकडून बंद. कुलूप नाही, झाकण नाही. झाकण असलं की हात जातो, असं त्यांचं ठाम मत. दर शनिवारी दोघं मिळून त्यात काही ना काही टाकत. डबा गच्च भरला तेव्हा त्यांनी फटीवर पत्र्याचा तुकडा ठेवून असा कथलाचा डाग दिला की बोट फिरवलं तरी जोड कळू नये. त्यांच्या हातचा डाग म्हणजे डाग, असं बाजारात सगळेच म्हणत. "आता हा फक्त अडीनडीला," असं म्हणून त्यांनी डबा कपाटावर चढवला.

पुढच्याच वर्षी तिच्या धाकट्या भावाच्या दुकानात पाणी शिरलं. रेडिओ, पंखे, मिक्सर, लोकांनी दुरुस्तीला टाकलेला सगळा माल भिजला. भाऊ येऊन बसला तो मान खाली घालूनच. पत्रेवाल्यांनी त्याला चहा पाजला आणि साफ सांगितलं, "याआधी दोनदा दिले तुला. आता एक पैसा मिळायचा नाही." हा माणूस एकदा नाही म्हणाला की विषय संपला, हे तिला चांगलं माहीत होतं. भाऊ चहा अर्धाच टाकून गेला आणि तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग एका दुपारी तिने डबा पालथा घातला, घरातली जुनी सळई तापवून बुडाचा डाग वितळवला आणि आतल्या सगळ्या नोटा भावाला नेऊन दिल्या. "तुझ्या भाऊजींना कळता कामा नये," एवढंच बजावलं. डब्यात वजनाला जुने वॉशर भरले, खडखडू नयेत म्हणून चिंध्या कोंबल्या आणि बूड परत जोडलं. इतकी वर्षं नवऱ्याचं काम बघूनही तिचा डाग आला तो गाठीगाठींचा. पण बूड कोण बघतंय!

भावाचं दुकान पुन्हा उभं राहिलं. पैसे मात्र परत आले नाहीत, आणि तिनेही विचारले नाहीत.

एक बरं झालं, त्यानंतर कपाटावरची धूळ पत्रेवाले स्वतःच पुसायला लागले. "तू स्टुलावर चढू नकोस, पडशील," म्हणाले. तिला हायसं वाटलं. बाकी त्यांचं सगळंच बिनसलं होतं. मोटरसायकल विकून टाकली, कारण काय तर चाललं की गुडघे मोकळे राहतात. रविवारीही दुकान उघडायला लागले, म्हणे घरी बसून अंग आंबतं. वय झालं की माणूस चिक्कू होतो, असं ती शेजारणीला सांगायची आणि दोघी हसायच्या.

आता पत्रेवाले स्टुलावर चढले होते.

"अहो, मला काही सांगायचंय."

"नंतर सांग. मिस्त्री खोळंबलाय."

"नंतर नाही, आत्ताच. तो डबा ना..."

"जड आहे. बाजूला हो."

डबा टेबलावर आला. दांडा गेला, ट्रे गेले, दुकानही जाईल. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आजवर या माणसाने कधी तिला हिशेब विचारला नव्हता. यापुढे तो विचारेल.

"तुम्ही माझ्या भावाला नाही म्हणालात ना, तेव्हा मी..."

"ती पत्र्याची कात्री दे इकडे."

तिने दिली. पत्रेवाल्यांनी डबा पालथा केला. तिने डोळे मिटले, पण राहवेना म्हणून किलकिले करून पाहिलं. बुडाला एकही गाठ नव्हती. तिने पुढे होऊन बोट फिरवलं. जोडसुद्धा लागला नाही.

कर्र कर्र करत कात्री फिरली. टेबलावर नोटांचा ढीग पडला. काही चुरगळलेल्या, काही कोऱ्या. वॉशर नाही, चिंधी नाही.

"हा डाग माझा नाही," ती पुटपुटली.

"मग तो आधीचा तुझा होता होय? मला वाटलं, डब्याला गोवर आलाय."

ती मटकन खुर्चीवर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं.

"म्हणजे तुमची मोटरसायकल... ते रविवार... तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तुझा भाऊ चहा अर्धा टाकून गेला ना, त्याच आठवड्यात कळलं."

"मग एवढ्या दिवसांत एका शब्दाने बोलला का नाहीत?"

पत्रेवाले नोटा गोळा करत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"कुठल्या तोंडाने बोलणार? मी तरी डबा कशाला उघडला होता? तुला चोरून, तुझ्या भावालाच द्यायला."