जवळचा डोळा

पन्नाशीला आलेल्या जनेलला डॉक्टरांनी आधी लेन्स लावून बघायला सांगितलं होतं. उजवा डोळा लांबचं बघेल, डावा जवळचं. जमलं, तर लेझरने कायमचं तसंच करू.

उजवा डोळा तर कमालीचा तीक्ष्ण निघाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला थेट तळ्याच्या मध्यावर, उपड्या बादलीवर बसलेला मासेमार दिसला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसलेला माणूस बर्फातल्या भोकाकडे बघतो. हा घराकडे बघत होता.

"अगं, बर्फ वितळून किती दिवस झाले! तिथे नुसतं पाणी आहे," तिचा नवरा कर्ट हसला. "डॉक्टरांनी लेन्स घातलीय की सिनेमा?"

दुसऱ्या दिवशी बादली काठाशी होती. मग अंगणात, बर्चच्या झाडाखाली. कर्ट तिथूनच लाकडं घेऊन आला, शीळ घालत.

आज मात्र तळं, काठ, अंगण, सगळं मोकळं होतं. जनेलचा जीव भांड्यात पडला. कर्ट कामावर गेल्यावर ती स्वतःशीच म्हणाली, "करूनच टाकते एकदाचं." दवाखान्याचा नंबर बघायला तिने फोन डोळ्यांसमोर धरला.

डाव्या डोळ्याला जवळचं खरंच स्वच्छ दिसत होतं. नंबर, आणि पलीकडून फोनच्या कडेवर येऊन तो हळूच खाली वाकवणारी, पाण्याने सुरकुतलेली बोटं.