साठ दिवसांचा व्हिसा

"साठ दिवसांच्या व्हिसाला साडेसात हजार वर पडतील, काकू," प्रशांत म्हणाला आणि गुणमाला चमकली. रकमेमुळं नाही. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याचं, शांतिनाथांचं, तोंड बघून.

गुणमालाचं तिकीट काढायला म्हणून दोघं सकाळच्या एसटीनं पलूसहून सांगलीला आली होती. बसस्टँडजवळच्या प्रशांतच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसची पायरी चढेपर्यंत गुणमालाचे पाय जमिनीला लागत नव्हते. लेक स्वप्नाली दुबईत, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आणि आता प्रशांतनं पुढं सरकवलेल्या कागदावर मुक्काम म्हणून लिहिलं होतं, तीस दिवस.

"तीस कसं?" ती म्हणाली. "आमच्या जैनांत पंचेचाळीस दिवस बाळंतिणीला सोडून येत न्हाईत, बाबा. पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला मंदिरात न्यायचं असतंय, कानात णमोकार मंत्र सांगायचा असतोय. त्याच्या आधीच आई बॅग भरून निघाली तर पोरगी काय म्हणंल?"

"मला काय ठाऊक, काकू? काकांनीच फोनवर तीस सांगितले. पॅकेजमध्ये तीसचा व्हिसा धरलाय. त्याच्यापुढं एक दिवस जरी राहायचं म्हटलं तरी साठचाच काढावा लागतो, मधलं काही मिळत नाही. अर्ज अजून गेलेला नाही, म्हणून विचारतोय. आज पाठवला तर बुधवारपर्यंत व्हिसा हातात येईल."

काकांनीच सांगितले! गुणमालानं वळून बघितलं, तर काका प्रशांतवरच उखडले.

"सगळं धरून म्हणाला हुतास न्हवं? मंग हे साडेसात हजार आता कुठनं निघालं? हळदीचा सौदा ठरला की मी मागनं पोत्याचं पैसं मागतो का रं?"

"तीसचं सगळं धरूनच आहे, काका."

"मंग तीसच ऱ्हाऊ दे. पुढचं बघंल की तिची सासू."

"सासू गुडघ्याचं ऑपरेशन करून साताऱ्यात पडून हाय," गुणमाला म्हणाली. "तुमीच तर बघून आलाय की परवा."

गुणमालाला काही सुधरेना. एकतीस वर्षं झाली या माणसाबरोबर, पण लेकीच्या बाबतीत त्यानं कधी हात आखडता घेतला नव्हता. लग्नात तर व्याहीच 'पुरे आता' म्हणेपर्यंत खर्च केला होता. मग आजच ही अवदसा कुठून आठवली? तिला राग आला आणि रागापेक्षाही वाईट जास्त वाटलं. पंधरा दिवसांचं अंतर, पण त्या पंधरा दिवसांत ओल्या बाळंतिणीला परक्या मुलखात एकटं टाकून यायचं म्हणजे काय, हे या बाप्याला कळू नये?

"ऱ्हाऊ दे," ती उठत म्हणाली. "मी भरते. माझं म्हशीच्या दुधाचं पैसं हायत पोस्टात."

"तुझं कशाला? माझ्याकडं काय कमी हाय?" शांतिनाथ ताडकन बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

गुणमाला परत खाली बसली.

"मंग अडलंय कुठं?"

शांतिनाथ वर पंख्याकडं बघायला लागले.

"जेवणाचं म्हणताय व्हय? आवं, सुंदरीला सांगून ठेवलंय मी." सुंदरी म्हणजे तिची धाकटी जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. "दिवस मावळायच्या आत ताट येतंय तुमचं. एक दिवस चुकायची न्हाई ती."

"जेवणाचं न्हवं गं."

"मंग कशाचं?"

"दोन महिनं..." शांतिनाथांचा आवाज एकदम खाली आला. "दोन महिनं मी बोलू कुणाशी? सकाळी उठल्यापास्नं कुणाशी बोलू? तुझ्या म्हशीशी?"

प्रशांतला अचानक कॉम्प्युटरमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी दिसायला लागलं.

गुणमालाला आधी हसूच फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. जीव भांड्यात पडला तिचा. लेकीवरची माया आटली की काय इथपर्यंत ती जाऊन पोचली होती, आणि हे बघा, साठीला आलेला माणूस चार लोकांत बोलायची लाज वाटते म्हणून साडेसात हजारांच्या आड दडून बसला होता.

"इतकंच व्हय!" तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् मी बया काय काय मनात आणलं! रोज सकाळी फोन लावीन की. मी तुमाला बाळ दाखवीन, तुमी मला म्हस दाखवा."

"फोनवर कवा धड ऐकू येतंय?" शांतिनाथ पुटपुटले. पण हात मात्र आतल्या खिशात गेला होता. पाचशेच्या पंधरा नोटा त्यांनी टेबलावर ठेवल्या. "लाव, साठचा लाव. आन् आजच्या आज पाठीव, उगं पोरीला घोर नको."

प्रशांतनं त्यांच्यादेखत अर्ज पाठवून दिला. पावती पिशवीत घालून गुणमाला दारापर्यंत गेली, चपलाही घातल्या. शांतिनाथ मात्र मध्येच थबकले आणि टेबलाशी परत आले.

"परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं टाकणार?"

"बावीस तारखेचं टाकतो, व्हिसा संपायच्या पाच दिवस आधीचं. पण काळजी नको, काका. काकूंना आणखी थोडं राहावंसं वाटलं तर तारीख पुढं ढकलता येते." आता पुढचं सांगावं की नको, म्हणून प्रशांत जरा चाचरला. "फक्त... त्याला वेगळा दंड भरावा लागतो."

"किती?"

"चार हजार," प्रशांत म्हणाला आणि पुन्हा बोलणी खायची तयारी करून बसला.

शांतिनाथांनी एकवार दारात उभ्या असलेल्या गुणमालाकडं बघितलं आणि टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "लई कमी हाय रं. जरा वाढवून सांग की तिला."