दोन चौकोनांचा एक

क्षमाने आईच्या लुगड्याचे दोन चौकोन पलंगावर पसरले. एक मोठा, एक लहान. बाकीचं लुगडं विरून गेलं होतं. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला तिचं बाळ झोपलं होतं. उद्या बारसं. आजीच्या लुगड्याचं दुपटं त्याच्या अंगावर हवं होतं. खालून लावायला पंडरीच्या कापडबाजारातून मऊ कापडही आणून ठेवलं होतं.

"आई दोन चौकोनांचा एक चौकोन करायची. चिंधीही उरायची नाही," ती म्हणाली. "आता मी मोठ्याचंच शिवते. लहान राहू दे."

"काहून? दोन्ही लागतील." नरहरी फरशीवर बसला होता. भोवती चुकीचे कापलेले वर्तमानपत्राचे तुकडे पडले होते.

"बाबा, सकाळपासून तेच करून राहिले तुम्ही. ते आईच्या डोक्यात होतं, तिच्यासोबत गेलं. शाळेत गणितच शिकवते ना मी. गणित माणसाच्या डोक्यात असतं, बाहेर कुठं पडलेलं नसतं."

"तुह्या जन्माच्या आधी पाढे नव्हते काय, पोट्टी?"

"होते. कोणाच्या तरी डोक्यात."

नरहरीने नवं वर्तमानपत्र पुढं ओढलं. "हव. मंग पाहू, बाहेर आहे का."

त्याने कागदाचे दोन नवे चौकोन कापले आणि खालच्या कडा एका रेषेत ठेवून शेजारी शेजारी चिकटवले. लहान चौकोनाची रुंदी दोऱ्याने मोजली आणि तेवढ्या अंतरावर मोठ्याच्या बाहेरच्या टोकापासून खालच्या कडेवर खूण केली. खुणेपासून दोन्ही टोकांच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत ब्लेडने सरळ कापलं. दोन त्रिकोण सुटले. ते त्याने उचलून वरच्या रिकाम्या जागांत सरकवले.

क्षमा पलंगावरून उतरली. तिने काटकोन तपासायचा गुण्या आणून चारही कोपऱ्यांना लावून पाहिला.

"हो गया, बाबा." मग हळूच म्हणाली, "आईची युक्ती सापडली तुम्हाला."

"तिची नव्हती. तिलेही अशीच सापडली असन. तिची असती तं तिच्यासंगं गेली असती."

क्षमाने लुगड्यावरून हात फिरवला. "म्हणजे यात आईचं काहीच नाही?"

कापडाचे दोन चौकोन नरहरीने मशीनवर जोडून घेतले, खडूने खूण केली, आणि बायकोची, शांताबाईची, कात्री उचलली. कापड कापलं जाईना. पात्यांमध्ये नुसतं दुमडत होतं. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. तेच.

शांताबाई डावखुरी होती. जन्मभर तिच्याच हातात राहून पाती तशी झिजली होती.

नरहरीने कात्री डाव्या हातात घेतली आणि खुणेवर ठेवली.