लोखंडाची मनुबाई

मुंबईच्या चित्रशाळेत शिकणाऱ्या दत्तूनं सुट्टीत गावी येऊन आपल्या आत्याचा, मनुबाईचा, पुतळा केला. लोखंडी पत्र्याची मनुबाई, हाती विळा, भात कापायला वाकलेली. मग मिठाचं पाणी नि आंबलेली ताडी मारमारून त्यानं तो पंधरा दिवस गंजवला.

मनुबाईनं पाहिला, नि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ह्ये ध्यान तू मुंबईत चार लोकांत मांडनार?"

"गंजानं वय दिसतं, आत्या. चेहरा बघ किती जुना वाटतो."

"पन्नास वर्सं या खाऱ्या वाऱ्यात राबले, त्याची ही शोभा केलीस व्हय?"

म्हातारीला सुरकुत्या झोंबल्या, असं समजून दत्तू हसत जेवायला गेला.

परत येऊन बघतो तर मनुबाई राख नि काथ्या घेऊन पुतळ्यापुढं बसलेली. चेहरा होता तसाच गंजका. विळा मात्र लखलखत होता.

"तोंडाला फास तुला हवा तेवढा गंज, ते म्हातारंच हाय," ती म्हणाली. "पन माझ्या हातातला विळा एक दिस गंजला न्हाय."