खटला-खटला

मधल्या सुट्टीत तिसरीची मुलं खटला-खटला खेळत होती. बायकोच्या खुनाच्या खऱ्याखुऱ्या खटल्यातून निर्दोष सुटलेला तो सिनेमातला हिरो व्हायला अख्खा वर्ग एका पायावर तयार होता. मेलेली बायको व्हायचं मात्र रोज एकाच मुलीच्या गळ्यात पडायचं. बाकावर डोळे मिटून पडायला ती पार कंटाळली होती.

"बाई, रोज मीच का मरायचं?"

बाई भडकल्या. "बंद करा हा खेळ! एका बाईचा जीव गेलाय आणि तुम्हाला मजा सुचतेय?"

ती मुलगी उठून बसली.

"बाई, तिचं नाव काय होतं?"

दोन वर्षं बाईंनी त्या खटल्याची एकही बातमी चुकवली नव्हती.



त्यांना आठवलं ते फक्त हिरोच्या कुत्र्याचं नाव.